अकरा अंकांचा नाद

बाजारात दोन कापडवाल्यांच्या मधोमध पारख्याची बैठक होती. जागा त्याच्या बापानं निवडलेली, आणि मोठ्या हुशारीनं निवडलेली, कारण कापडाला आवाज नसतो. लोहाराशेजारी बसून नाणी पारखायची म्हणजे डोकं फिरवून घ्यायचंच काम. बैठक तरी केवढी? एक पाट, एक काळा गुळगुळीत दगड, एक तराजू आणि पाठीमागे कुलपाची पेटी. एवढ्याशा पसाऱ्यावर या माणसानं तीस वर्षं अख्खा बाजार धाकात ठेवला होता.

काम ऐकायला सोपं वाटेल. चांदीचं नाणं वीतभर उंचीवरून दगडावर टाकायचं, डोळे मिटायचे आणि नाद विरेपर्यंत मनात अंक मोजायचे. हातोहात फिरून झिजलेलं नाणं आठापर्यंत वाजतं. टाकसाळीतून नुकतंच आलेलं कोरं नाणं अकरापर्यंत. आत शिसं असेल तर नुसतं थप्प, विषय संपला. मग पारखी डोळे उघडायचा आणि एकच शब्द बोलायचा, "चालेल" नाहीतर "नाही". "नाही" म्हटलं की भले भले व्यापारी निमूटपणे नाणं खिशात घालून चालू पडायचे. जादूटोणा नव्हता हो. याला कळतं असं लोकांनी ठरवलं होतं, बस्स.

बापालाही असंच कळायचं, बावन्नाव्या वर्षापर्यंत. मग त्याच्या कानातून आधी बारीक आवाज गेले, किड्यांची किरकिर, चिमण्यांची पिल्लं, आणि मग मोठेही जायला लागले. म्हाताऱ्यानं कुणाला पत्ता लागू दिला नाही. दोन वर्षं नुसता अंदाजानं "चालेल, चालेल" करत राहिला. एक दिवस खाटकानं गंमत म्हणून शिशाचा तुकडा दगडावर टाकला. बाप डोळे मिटून बसला, मान डोलावली आणि म्हणाला, "चालेल." सगळा बाजार खो खो हसला. आणि आपण काय बोललो ते न कळून बापही सगळ्यांबरोबर हसला! पारखी तेव्हा एकवीस वर्षांचा, शेजारीच उभा होता. त्या दिवशी धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं होतं. आता तो स्वतः एक्कावन्न वर्षांचा होता आणि रोज सकाळी उठल्याबरोबर आधी चिमण्या ऐकू येतात का ते बघायचा.

आई लहानपणीच गेली, म्हणून त्याला वाढवलं ते आक्कानं, त्याच्याहून आठ वर्षांनी मोठ्या बहिणीनं. आक्काचा दोर वळायचा कारखाना होता. नवरा गेल्यावर तिनंच तो चालवला. चारशे पावलं लांब छप्पर, एका टोकाला चाक, आणि ताग कमरेला गुंडाळून दिवसभर उलट्या पावलांनी चालत जाणारी माणसं. त्यांच्यात आक्का स्वतः. तिला एकच मुलगा, विशीतला, उंच आणि इतका किडकिडीत की सगळे त्याला सुतळी म्हणायचे. पारख्याला स्वतःचं मूलबाळ नव्हतं. जे काही होतं ते हेच कार्टं.

सुतळी दुपारच्या सुट्टीत मामाकडे येऊन बसायचा आणि पेटी उघडायला लावायचा. पेटीत मामाच्या आजोबांपासून जमलेला खजिना होता. म्हणजे बाजारात ज्याची दमडी आली नसती असा सगळा माल.

"ही कवडी बघ," मामा सांगायचा. "एके काळी असल्या मूठभर कवड्यांना शेळी मिळायची."

"कवड्यांना? शेळीवाल्याचं डोकं ठिकाणावर होतं ना?"

"पुढचा घेतो म्हणून तो घ्यायचा."

"आणि पुढचा का घ्यायचा?"

"त्याच्या पुढचा घेतो म्हणून."

"आणि सगळ्यात शेवटचा?"

"शेवटचा बुडायचा," मामा म्हणायचा, आणि दोघं हसायचे.

पेटीत मिठाची दगडासारखी झालेली वडी होती, तिच्यावर कुठल्याशा राजाचा ठसा. चामड्याचं एक गोल नाणं होतं. एका गावाला वेढा पडला, गावातली चांदी संपली, तेव्हा लोकांनी चामडं कापून त्यावर शिक्के मारले, आणि दीड वर्षं त्यावर गावाचा बाजार सुरळीत चालला. वेढा उठला त्या दिवशी त्याच नाण्यांना भोकं पाडून लोकांनी चपलांना ठिगळं लावली. सुतळीला ही गोष्ट भारी आवडायची.

"चांदीचं तसं नाही," मामा शेवटी म्हणायचा. "चांदीला कुणी काही मानायची गरज नाही. चांदी स्वतः बोलते."

"आणि ती काय बोलते ते तू सांगतोस."

"मग! सांगणारा नको का कुणीतरी?"

मामानं त्याला अंक मोजायला शिकवलं होतं. घाई करायची नाही, श्वासाच्या लयीत मोजायचं. पोराचा कान बरा होता. पण धंद्यात यायची त्याला इच्छा नव्हती. दोर वळता वळता गाणी म्हणायची, हेच त्याचं सुख.

मग सीमेवर लढाई पेटली. त्या हिवाळ्यात पारख्याला ताप येऊन गेला, दहा दिवस दोन्ही कानांत घूं घूं होत होतं. तो उठून बैठकीवर आला त्याच आठवड्यात बाजारात नवी नाणी आली. बावीस वर्षांत टाकसाळीनं पहिल्यांदाच नवं नाणं पाडलं होतं. लखलखीत, राजाच्या नाकाची धारसुद्धा दिसावी असं. पारख्यानं पहिलं नाणं हौसेनं दगडावर टाकलं, डोळे मिटले. पाच, सहा, सात. आणि मग काहीच नाही.

त्यानं पुन्हा टाकलं. सात. दुसरं टाकलं, सात.  जुनी झिजलेली नाणी वाजवून पाहिली तर ती आपली नेहमीसारखी आठ. म्हणजे कान ठीक? पण नाही ना! झिजक्या नाण्याचा नाद जाडा असतो, तो म्हाताऱ्या कानालाही पकडता येतो. कोऱ्या नाण्याच्या नादाला शेवटी बारीक शेपटी असते, आणि बापाच्या कानातून आधी गेलं होतं ते बारीकच. शेजारी ठेवून वाजवायला दुसरं कोरं नाणं कुठून आणणार? बावीस वर्षांपूर्वीचं एकही नाणं आता कोरं राहिलं नव्हतं. तराजूत घातलं तर वजन बरोबर. वरून घासून पाहिलं तर चांदी. कापून आत पाहावं, तर सरकारी नाणं कापणाऱ्याचा हात मनगटापासून तोडायचा कायदा होता. राहिला कान. आणि कानाचं तर हे असं.

सरकारची टाकसाळ खोटं नाणं पाडेल, हा विचार त्याच्या मनात आलाच नाही असं नाही. आला, आणि त्यानंच तो हाकलून दिला. टाकसाळ शंभर वर्षं जुनी, आपला कान एक्कावन्न वर्षांचा आणि नुकताच तापातून उठलेला. यात चुकणार कोण, हे काय सांगायला पाहिजे? समोर कापडवाला ताटकळत उभा होता. पारख्यानं डोळे उघडले.

"चालेल," तो म्हणाला.

महिनाभर तो "चालेल" म्हणत राहिला. कुणी हसलं नाही. त्याच्या जिवावर बाजारानं नवं नाणं डोक्यावर घेतलं. आपलं बिंग फुटलं नाही, याचंच त्याला इतकं समाधान होतं की बाकी काही सुचत नव्हतं.

आणि भरतीचा हुकूम आला. प्रत्येक घरातला एक तरुण सीमेवर. ज्याला जायचं नसेल त्यानं दोनशे नाणी चांदी भरून सुटका करून घ्यावी, मुदत आठ दिवस. आक्का रडत बसणारी बाई नव्हती. तिनं चौथ्या दिवशी कारखाना विकायला काढला आणि सहाव्या दिवशी गिऱ्हाईक पक्कं केलं. धान्याचा व्यापारी, गोण्या बांधायला त्याला दोर लागायचाच. किंमत बरोबर दोनशे.

पैसे द्यायला तिघं पारख्याच्या बैठकीवर जमले. व्यापारी दोन पिशव्या घेऊन आला. आक्का हातांना लागलेले तागाचे तंतू काढत उभी होती. तिच्या मागे सुतळी.

"हे बघा," व्यापारी म्हणाला, "नवी नाणी हवीत तर ही घ्या, आत्ताच्या आत्ता. जुनी हवी असतील तर भावाच्या कोठारातून आणावी लागतील. उद्या दुपारपर्यंत येतील. मला काय, दोन्ही सारखीच. पारखीबुवा म्हणतील तसं."

आक्का भावाकडे वळली. "तू सांग रे. मला काय कळतंय त्यातलं?"

पारख्यानं पिशवीतून एक नाणं काढलं. टाकलं. डोळे मिटले. सात. दुसरं, सात. त्यानं दहा नाणी वाजवली आणि दहाही वेळा नाद सातावर तुटला.  एवढंच म्हणायचं होतं, "जुनी आणा." तीन अक्षरं, चार अक्षरं, किती ती! पण मग व्यापारी विचारणार, का? नव्यात काय वाईट आहे? महिनाभर तर तुम्हीच चालेल म्हणताय. आणि खाटकाचं दुकान समोरच होतं, म्हातारा खाटिक गेला तरी त्याचा मुलगा अजून तिथंच बसत होता. सुतळी दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्याला नुसतं विचारलं असतं, बाळा, तुला किती आले रे? पण पारखी भाच्याला विचारतोय, हे बाजारानं पाहिलं असतं.

त्यानं डोळे उघडले.

"चालेल," तो म्हणाला.

आक्कानं कारखान्याची किल्ली व्यापाऱ्याच्या हातात दिली. सुतळी काहीतरी बोलायला गेला, मामाच्या तोंडाकडे पाहिलं आणि गप्प बसला.

आठव्या दिवशी सकाळी तिघं भरतीच्या कचेरीत गेले. अंगणात रांग होती, आणि रांगेच्या टोकाला, कुणालाही वाटलं नसेल अशी वस्तू, एक भट्टी पेटलेली. ती बघून पारखी तिथंच थांबला. कारकुनानं पिशव्या घेतल्या, मोजल्या काही नाहीत, सरळ तराजूत ओतल्या. मग हाताला लागतील ती दहा नाणी उचलून मुशीत टाकली. सरकारला कापायची परवानगी लागत नव्हती, ते सरळ वितळवतच होते.

मूस गार झाल्यावर कारकुनानं चांदीचा गोळा तोलला आणि पाटीवर आकडे मांडले.

"दहात सहा भाग चांदी, बाकी तांबं. दोनशेची झाली एकशेवीस. ऐंशी नाणी कमी पडतात, बाई."

"अहो, पण हे तुमचंच नाणं!" आक्काचा आवाज चढला. "तुमच्याच राजाचं तोंड आहे त्याच्यावर!"

"टाकसाळ वेगळी, आमचं खातं वेगळं," कारकून म्हणाला. तो काही वाईट माणूस नव्हता, नुसता दमलेला होता. "बाजारात ते दोनशेच आहेत, कुणी नाही म्हणतंय का? इथं फक्त चांदी घ्यायचा हुकूम आहे. संध्याकाळपर्यंत ऐंशी आणा, नाव खोडतो."

 पारख्याला भट्टीचा रसरसता आवाज ऐकू येत होता, रांगेतल्या पोरांची कुजबुज ऐकू येत होती, दूर कुठंतरी चिमण्यांची पिल्लं चिवचिवत होती तीही ऐकू येत होती. कान शाबूत होता. कान कधी बिघडलाच नव्हता. सात म्हणजे सातच होते.

तो धावत सुटला. घरी पुरून ठेवलेली जुनी नाणी काढली, एकेचाळीस भरली. मृत बायकोच्या बांगड्यांची चांदी नऊ नाण्यांइतकी. राहिली तीस. व्यापाऱ्याकडे गेला, हातापाया पडला, जुनी द्या, बदल्यात नवी तिप्पट देतो म्हणाला. बातमी त्याच्या आधीच पोचली होती.

"नवी तुमच्याकडेच ठेवा," व्यापारी म्हणाला. "चालेल म्हणालात ते तुम्हीच. मी स्वतः दीडशे घेऊन बसलोय तुमच्या शब्दावर. मी कोणाच्या पाया पडायचं, सांगा?"

बाजारात त्या दिवशी कुणीच कुणाला जुनं नाणं द्यायला तयार नव्हतं. सगळ्यांनी ती दडपून टाकली होती. दिवस मावळायच्या आत कारकुनानं यादी बंद केली आणि पिशव्या आक्काला परत केल्या.

दुसऱ्या दिवशी पोरांना गाड्यांत भरलं. सुतळी पाठीमागच्या फळीवर पाय सोडून बसला होता, डोकं भादरलेलं, त्यामुळे आणखीच काटकुळा दिसत होता. आक्का त्याचं पाऊल हातात धरून उभी होती, सोडतच नव्हती. पोरगं बिचारं मामाचीच समजूत घालायला लागलं.

"मामा, तू जिवाला लावून घेऊ नकोस. तुझ्या कानाला फसवलं म्हणजे बनवणाऱ्याची कमालच म्हणायची! आणि मी काय मूर्ख बघ, त्या दिवशी मला सातच ऐकू आले. म्हटलं, मामा काही बोलत नाही, म्हणजे माझंच मोजायचं चुकत असणार."

पारख्याला सांगायचं होतं. बाळा, तुझं बरोबर होतं, मलाही सातच आले होते, मी घाबरलो रे. ओठापर्यंत आलं, आणि आक्का शेजारी उभी होती. गाडीवानानं बैलांना हाक दिली. आक्काच्या हातातून ते पाऊल निसटलं.

पुढं काय व्हायचं ते झालं. नव्या नाण्याची पत गेली, दोनाचं एक झालं, मग तिनाचं एक. ज्यांनी घेऊन ठेवली ते बुडाले. पारख्याकडे कुणी फिरकेनासं झालं. आश्चर्य म्हणजे कुणी त्याला हसलं नाही. टाकसाळीनं सगळ्यांनाच चुना लावला, त्यात हा म्हातारा काय करणार, असंच लोक म्हणायचे. ज्याची त्याला आयुष्यभर भीती वाटली ते घडलंच नाही, आणि घडलं असतं तर बरं झालं असतं असं त्याला रोज वाटायचं. तरी तो रोज बैठकीवर येऊन बसायचा, जायला दुसरी जागा नव्हती. आक्का आता स्वतःच्याच कारखान्यात रोजावर दोर वळत होती, उलट्या पावलांनी चालत, आणि टोकाला पोचलं की वळून रस्त्याकडे बघायची.

सात महिन्यांनी पत्र आलं. नदी ओलांडताना गेला. सरकारनं आईला भरपाई म्हणून पंचवीस नाणी मंजूर केली होती.

आक्का ती पिशवी घेऊन सरळ बैठकीवर आली. भर दुपार होती. कापडवाले उठून आत गेले, त्यांना पाहवलं नसावं. ती पाटासमोर बसली. डोळे कोरडे होते. पिशवी उघडून तिनं एक नाणं दगडाशेजारी ठेवलं. राजाचं तेच तोंड, तीच नाकाची धार.

"वाजव."

"आक्का, नको गं. माझ्यानं होणार नाही."

"वाजव म्हणते ना. आणि मोठ्यानं मोज, मला ऐकू दे."

तिनं लहानपणी याच आवाजात त्याला औषधं पाजली होती. त्यानं नाणं उचललं.  टाकलं. डोळे मिटायचं धैर्य झालं नाही.

"एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात," तो म्हणाला, आणि थांबला.

आक्कानं दगडावरचं नाणं उचलून बाजूला ठेवलं.

"मलाही सातच ऐकू आले," ती म्हणाली. "मी तर दोर वळणारी बाई. पोरगं गाडीतून म्हणालं ना, तेव्हापासून डोक्यातून जात नाही. त्याला सात आले, आज मला सात आले." तिनं मान वर केली. "त्या दिवशी तुला किती आले होते रे?"

एक शब्द खोटा बोलला असता तर ती विश्वास ठेवून निघून गेली असती. सगळा बाजार ठेवून होता, मग ती तर बहीण. अकरा, एवढंच म्हणायचं होतं. तो अकरा म्हणायला गेलाही, पण तिच्या बोटांवरचे ते तागाचे तंतू त्याला दिसले.

"सात," तो म्हणाला. "मला वाटलं, माझा कान गेला. आपल्या आप्पांसारखा. लोक हसतील म्हणून मी..." 

आक्का ओरडली नाही, तिनं त्याला शिव्याशाप दिले नाहीत, तिथून उठलीही नाही. तिनं पिशवीत हात घातला, दुसरं नाणं काढलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं.

"हे वाजव," ती म्हणाली. "अजून चोवीस आहेत."